पाळी लांबली आहे: घरच्या प्रेग्नन्सी टेस्टवर कधी विश्वास ठेवायचा

पाळीची तारीख उलटून चार दिवस झाले, टेस्ट केली, एकच रेघ आली. पाळी तरीही येत नाही. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा टेस्ट, पुन्हा एकच रेघ, आणि डोक्यात तोच प्रश्न: दिवस गेलेत की नाही? या गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा किटमध्ये नसतं, दिवस मोजण्यात असतं. टेस्ट फक्त एवढंच सांगते की या क्षणी, या लघवीत, एक ठरावीक संप्रेरक पुरेशा प्रमाणात आहे की नाही. ते तिथे पोचायला किती दिवस लागतात याचा हिशेब आपल्याला करावा लागतो. तो नीट केला, तर कोणत्या दिवसाच्या निगेटिव्हवर निर्धास्त व्हायचं आणि कोणत्या दिवसाच्या निगेटिव्हला काडीची किंमत द्यायची नाही, हे स्वतःलाच कळतं.

हिशेबाकडे वळण्याआधी एक महत्त्वाची सूचना. पाळी लांबलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, खांद्याच्या टोकाशी विनाकारण दुखत असेल किंवा अंगावरून खूप जात असेल, तर टेस्टचा विचार बाजूला ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा. गर्भ गर्भपिशवीऐवजी गर्भनलिकेत रुजला असेल तर नलिका फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. अशा गर्भधारणेत संप्रेरक कमी असू शकतं, त्यामुळे घरची टेस्ट कधीकधी अगदी फिकी किंवा निगेटिव्हही येते. म्हणून ही लक्षणं असताना निगेटिव्ह रेघ पाहून घरी थांबू नका.

पाळी खरोखर लांबली आहे का?

पाळी मोजताना रक्तस्राव नीट सुरू झाला तो पहिला दिवस. आदल्या दिवशी पडलेला तपकिरी डाग धरायचा नाही. त्या दिवसापासून पुढची पाळी सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंतचे दिवस म्हणजे एक चक्र. प्रौढ वयात 24 ते 38 दिवसांचं चक्र सर्वसाधारण मानतात. 28 हा आकडा पाठ्यपुस्तकात सोयीचा म्हणून वापरतात. दर महिन्याला बरोबर 28 व्या दिवशी पाळी येणाऱ्या बायका प्रत्यक्षात कमीच असतात.

मागच्या सहा चक्रांचे दिवस कागदावर लिहा. समजा ते 27, 31, 29, 33, 28 आणि 30 आहेत. मोबाइलमधलं ॲप यांची सरासरी काढतं, ती जवळपास 30 येते, आणि 31 व्या दिवशी ‘पाळी लांबली’ अशी सूचना झळकते. पण याच बाईला मागच्या सहा महिन्यांत एकदा 33 दिवसांचं चक्र होऊन गेलेलं आहे. तिची पाळी लांबली असं 34 व्या दिवसापासून म्हणता येईल, त्याआधी नाही. म्हणून सरासरी सोडून द्या आणि आपलं सर्वांत मोठं चक्र धरा. तो दिवस ओलांडला की पाळी लांबली. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चक्रात आठवडाभराचा फरक असणं काही वावगं नाही. पाळी सुरू होऊन दोन-तीनच वर्षं झालेल्या मुलींमध्ये आणि पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत हा फरक याहूनही जास्त असतो.

आता पाळी लांबते कशी, ते पाहू. चक्राचे दोन भाग असतात: स्त्रीबीज बाहेर पडेपर्यंतचा आणि बाहेर पडल्यानंतरचा. दुसरा भाग बऱ्यापैकी ठरलेला असतो, बहुतेकींचा 12 ते 14 दिवसांचा. कुणाचा 10, कुणाचा 16 असू शकतो, पण त्या-त्या बाईपुरता तो फारसा हलत नाही. लांबतो तो पहिला भाग. ताप, मोठा प्रवास, जागरणं, परीक्षेचा किंवा घरातला ताण, अचानक कमी केलेलं जेवण, अंगावर येईल एवढा व्यायाम, यांपैकी कशानेही बीज बाहेर पडणं आठवडाभर पुढे जाऊ शकतं, आणि पाळी तेवढीच पुढे जाते. म्हणजे पाळी आज लांबलेली दिसत असली तरी त्याचं कारण सहसा दोन-तीन आठवड्यांपूर्वीचं असतं. ‘काल फार टेन्शन आलं म्हणून पाळी आली नाही’ हे गणित सहसा जुळत नाही. तीन आठवड्यांपूर्वी काय चाललं होतं ते आठवा.

लघवीत नेमकं काय शोधलं जातं

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर 12 ते 24 तासच जिवंत राहतं. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणून बीज बाहेर पडण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढ्या काळातल्या संबंधांतून गर्भ राहू शकतो. फलन झाल्यावर गर्भ लगेच रुजत नाही. तो नलिकेतून गर्भपिशवीत येतो आणि बीज बाहेर पडल्यानंतर साधारण 6 ते 12 दिवसांनी, बहुतेक वेळा 8 ते 10 दिवसांनी, अस्तरात रुजतो. रुजल्यावरच एचसीजी नावाचं संप्रेरक रक्तात आणि मग लघवीत उतरू लागतं. टेस्टची पट्टी तेच शोधते. गर्भ रुजण्याआधी केलेली टेस्ट, किट कितीही महाग असलं तरी, निगेटिव्हच येणार, कारण शोधायचं ते अजून तयारच झालेलं नसतं.

रुजल्यानंतर एचसीजी सुरुवातीच्या दिवसांत दर दोन-तीन दिवसांनी साधारण दुप्पट होतं. बहुतेक घरगुती टेस्ट 25 एककांच्या (mIU/ml) आसपास रेघ दाखवतात, काही 10 किंवा 20 ला. (पाकिटावर हा आकडा ‘संवेदनशीलता’ म्हणून छापलेला असतो. आकडा जितका लहान तितकी टेस्ट जास्त संवेदनशील.) समजा आज लघवीत 6 एकक आहे आणि ते दर दोन दिवसांनी दुप्पट होतंय. दोन दिवसांनी 12, चार दिवसांनी 24, सहा दिवसांनी 48. म्हणजे 25 च्या टेस्टवर आज निगेटिव्ह, परवा निगेटिव्ह, चौथ्या दिवशी दिसेल-न-दिसेल अशी रेघ आणि सहाव्या दिवशी स्पष्ट पॉझिटिव्ह. गर्भ तोच, किट तेच, फरक फक्त दिवसांचा. रोज सकाळी टेस्ट करून जीव टांगणीला लावण्यापेक्षा दोन टेस्टमध्ये किमान 48 तास जाऊ द्या, हे आम्ही आवर्जून सांगतो ते याचसाठी.

टेस्ट नेमकी कधी करायची

पाळी नियमित असेल तर तारीख चुकल्याच्या पहिल्या दिवसापासून टेस्ट करता येते, आणि तेव्हा बहुतेक गर्भधारणा दिसतात. बहुतेक, सगळ्या नाहीत. तारीख उलटून सात दिवस झाल्यावर, सकाळच्या पहिल्या लघवीने केलेली टेस्ट बरीच भरवशाची. पाकिटावर छापलेला ‘99 टक्के अचूक’ हा दावा सहसा पाळी चुकल्याच्या दिवसापासून केलेल्या टेस्टसाठी आणि सूचना तंतोतंत पाळल्या असतील तरच लागू होतो. ‘पाळीच्या सहा दिवस आधी कळेल’ म्हणणाऱ्या किटवर आलेलं निगेटिव्ह आम्ही जमेसच धरत नाही.

खरी पंचाईत अनियमित पाळीची. समजा तुमचं चक्र 28 दिवसांचं आहे, पण या महिन्यात तापामुळे बीज 14 व्या दिवसाऐवजी 21 व्या दिवशी बाहेर पडलं. 29 व्या दिवशी तुम्ही म्हणता, एक दिवस उशीर झाला, टेस्ट करू. प्रत्यक्षात बीज बाहेर पडून फक्त आठ दिवस झालेत, गर्भ असलाच तरी तो आज-उद्या रुजतोय. टेस्ट निगेटिव्ह येणारच. 33 व्या दिवशीही ती निगेटिव्ह येऊ शकते. आणि 36 व्या-37 व्या दिवशी अचानक दोन रेघा! टेस्ट आधी ‘खोटं’ बोलली नव्हती, आपली तारीख चुकली होती.

अशा वेळी पाळीची तारीख सोडून द्या आणि शेवटच्या असुरक्षित संबंधाची तारीख धरा. त्या दिवसापासून 21 दिवस पूर्ण होऊ द्या, मग टेस्ट करा. 21 का? संबंधानंतर बीज बाहेर पडायला पाच दिवसांपर्यंत वेळ, मग रुजायला 12 दिवसांपर्यंत, मग लघवीत दिसण्याएवढं एचसीजी वाढायला काही दिवस. उशिरात उशीर धरला तरी तीन आठवड्यांत बहुतेक सगळ्या गर्भधारणा दिसतात. त्या दिवशी निगेटिव्ह आली आणि तरीही पाळी आली नाही, तर आणखी एका आठवड्याने, म्हणजे 28 व्या दिवशी, एकदा पुन्हा करा. मध्ये असुरक्षित संबंध झाला नसेल आणि दोन्ही निगेटिव्ह असतील, तर गर्भ नाही असं जवळपास नक्की धरून पाळी लांबण्याचं दुसरं कारण शोधायला लागायचं. मधल्या काळात पुन्हा संबंध झाला असेल, तर मोजणी नव्या तारखेपासून सुरू होते. हे बऱ्याचदा विसरलं जातं.

थोडक्यात, पॉझिटिव्ह कधीही आली तरी तिला अर्थ असतो. निगेटिव्हला अर्थ असतो तो योग्य दिवस उलटल्यावरच.

किट घेताना

साधी कागदी पट्टी, थेंब टाकायचं प्लास्टिकचं कार्ड, लघवीच्या धारेत धरायची कांडी, आकड्यांत किंवा शब्दांत उत्तर देणारी डिजिटल टेस्ट: चारही प्रकारांत आतली रसायनं सारख्याच पद्धतीने काम करतात. महाग किट जास्त खरं सांगतं असं नाही, वापरायला सोपं असतं एवढंच. डिजिटल टेस्टच्या आतही पट्टीच असते. ती फोडून आतल्या रेघा मोजू नका, त्या पट्टीवर दोन रेघा दिसल्या तरी त्यांचा अर्थ वेगळा असू शकतो.

पाकिटावरची मुदत बघा. पाकीट फाटलेलं, फुगलेलं किंवा ओलं झालेलं नको. साठवणीचं तापमान बहुतेक किटवर 2 ते 30 अंश सेल्सिअस असं दिलेलं असतं, म्हणून किट न्हाणीघरात, उन्हात किंवा गाडीच्या कप्प्यात ठेवू नये. ओलाव्याने पट्टीवरची रसायनं खराब होतात. आणि एक गोष्ट हमखास तपासा: हातात आहे ती प्रेग्नन्सी टेस्टच आहे ना? बीज कधी बाहेर पडतंय ते दाखवणाऱ्या ओव्ह्युलेशन पट्ट्या दिसायला अगदी तशाच असतात आणि त्यांवर एक दुसरी रेघ बऱ्याचदा असतेच. ती पाहून आनंद किंवा धसका, दोन्ही फुकट.

साखर, मीठ, टूथपेस्ट, साबण किंवा ब्लीच लघवीत मिसळून फेस येतो का ते बघायचे ‘घरगुती उपाय’ काहीही सांगत नाहीत. हे पदार्थ लघवीतल्या आम्लाशी आणि क्षारांशी क्रिया करतात, एचसीजीशी त्यांचा काही संबंध नाही. ब्लीचने तर विषारी वाफा होऊ शकतात.

टेस्ट करताना

1. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी घ्या. रात्रभर साठलेली असल्याने ती दाट असते. दिवसा करायचीच असेल तर आधी निदान चार तास लघवीला जाऊ नका आणि त्या वेळात घटाघटा पाणी पिऊ नका. ‘लघवी यावी म्हणून’ दोन-तीन ग्लास पाणी पिऊन केलेली लवकरची टेस्ट निगेटिव्ह येण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. पाळी चुकून दोन आठवडे झाले असतील तर वेळेची एवढी काळजी नको.

2. लघवी स्वच्छ, कोरड्या भांड्यात घ्या. साबणाचा अंश राहिलेला पेला नको. सुरुवातीची धार सोडून मधली धार घेतली तर उत्तम.

3. घड्याळ किंवा मोबाइलचा टायमर आधीच तयार ठेवा. पाकीट त्यानंतरच फोडा. फोडून ठेवलेली पट्टी हवेतला ओलावा घेते, म्हणून ती लगेच वापरायची. आत असलेली छोटी पुडी ओलावा शोषण्यासाठी असते, ती टाकून द्या.

4. पट्टी असेल तर बाणाची बाजू खाली धरून, कमाल मर्यादेच्या रेषेपर्यंतच बुडवा, माहितीपत्रकात सांगितलेले 5 ते 10 सेकंद. रेषेच्या वर लघवी गेली तर रंग पसरतो आणि टेस्ट वाया जाते. कार्ड असेल तर सोबतच्या ड्रॉपरने सांगितलेले थेंब, बहुतेक कार्डांत तीन, गोल खाचेत टाका. ड्रॉपर उभा धरा, थेंबात बुडबुडा नको. जास्त थेंब टाकल्याने उत्तर लवकर येत नाही, उलट पार्श्वभूमी गुलाबी होऊन रेघ बुडून जाते. धारेत धरायची कांडी असेल तर टोक खाली ठेवून सांगितलेले सेकंद धरा आणि टोपण लावा.

5. पट्टी सपाट, कोरड्या जागी ठेवा. हातात धरून हलवू नका.

6. टायमर वाजला की वाचा. बहुतेक किटमध्ये ही वेळ 3 ते 5 मिनिटांची असते. 10 मिनिटांनंतर दिसलेलं उत्तर धरायचं नाही. वेगवेगळ्या किटच्या वेळा वेगळ्या असतात, म्हणून तुमच्या पाकिटातला कागद वाचा. मागच्या वेळच्या किटवरून अंदाज करू नका.

रेघा कशा वाचायच्या

किटवर छापलेल्या ‘सी’ (C) अक्षरासमोरची रेघ म्हणजे टेस्ट नीट चालली याची खूण, ‘टी’ (T) समोरची रेघ म्हणजे एचसीजी सापडल्याची. ती आलीच नाही, तर ‘टी’समोर काहीही दिसो, टेस्ट बाद. नवी पट्टी घ्या. फक्त ‘सी’ आली तर त्या घडीला निगेटिव्ह. दोन्ही आल्या तर पॉझिटिव्ह.

सगळी घालमेल होते ती फिक्या रेघेवर. वेळेच्या आत, ‘टी’च्या जागी, रंग असलेली रेघ आली तर ती पॉझिटिव्ह धरायची, कितीही फिकी असो. गुलाबी किटमध्ये ती गुलाबी आणि निळ्या किटमध्ये निळी दिसायला हवी, तिची जाडी ‘सी’ रेघेएवढी असावी आणि ती वरपासून खालपर्यंत सलग असावी. याउलट वेळ संपल्यावर, लघवी वाळताना उमटलेली राखाडी, बिनरंगी, केसासारखी बारीक रेघ धरायची नाही. कचऱ्यातून तासाभराने काढून पाहिलेल्या पट्टीवर अशी रेघ सर्रास दिसते. निळ्या रंगाच्या किटमध्ये ही सावली जास्त फसवते, म्हणून शंका असेल तेव्हा गुलाबी रंगाचं किट निवडा. दिवसाच्या उजेडात बघा. फोटो काढून त्याचे रंग गडद करून बघण्यात अर्थ नाही, त्याने सावलीही रेघ वाटू लागते.

फिकी रेघ आली की 48 तास थांबा, त्याच कंपनीचं किट घ्या, पुन्हा सकाळची पहिली लघवी. रेघ गडद झाली तर गर्भ आहे. तशीच फिकी राहिली किंवा गेली, तर रक्ताची तपासणी करून घ्या. मात्र रोज रेघांचे रंग शेजारी ठेवून गर्भ ‘चांगला’ वाढतोय का हे ठरवू नका. लघवी किती दाट आहे आणि पट्टीवर किती रंग आहे, यावरही गडदपणा बदलतो.

निगेटिव्ह, पण पाळी नाहीच

पहिली शंका लवकर केल्याची, दुसरी पातळ लघवीची, तिसरी खराब किटची. या तिन्ही 21 आणि 28 दिवसांच्या टेस्टने निकालात निघतात. एक दुर्मीळ शक्यता उरते: पाळी चुकून दीड-दोन महिने झालेत, मळमळतंय, छाती भरून आली आहे, पोट जड वाटतंय, आणि टेस्ट निगेटिव्ह. एचसीजी आणि त्याचे तुकडे फार जास्त झाले की काही पट्ट्यांची रासायनिक पकडच बिघडते आणि रेघ उमटत नाही. जुळ्यांमध्ये किंवा द्राक्षगर्भात (गर्भाऐवजी द्राक्षांच्या घडासारखी गाठ वाढते तेव्हा) असं होऊ शकतं. इथे आणखी किट आणण्यापेक्षा सोनोग्राफी करा.

गर्भ नाही हे ठरल्यावर पुढचा प्रश्न: किती थांबायचं? एखादी पाळी दोन-तीन आठवडे लांबून नंतर नीट आली तर बहुतेक वेळा काळजीचं काही नसतं. तीन महिने पाळी आलीच नाही, किंवा वर्षभर चक्रं वारंवार 38 दिवसांच्या पुढे जात असतील, तर डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, प्रोलॅक्टिन (स्तनात दूध तयार करणारं संप्रेरक) आणि बीजकोशांची सोनोग्राफी, इथून तपासणी सुरू होते. चेहऱ्यावर राठ केस, हट्टी मुरुम आणि वाढतं वजन असेल तर पीसीओएसकडे, म्हणजे बीजकोशांच्या आणि संप्रेरकांच्या बिघाडाकडे, लक्ष जातं. बाळाला पाजत नसताना स्तनातून दूध येत असेल तर प्रोलॅक्टिनकडे. मानसिक आजारांवरची आणि उलटी थांबवण्याची काही औषधंही प्रोलॅक्टिन वाढवून पाळी थांबवतात, म्हणून चालू गोळ्यांची नावं सांगायला विसरू नका.

पाळी आणण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. या गोळ्यांचा कोर्स संपल्यावर साधारण आठवडाभरात रक्तस्राव होतो, पण लांबण्याचं मूळ कारण तसंच राहतं. डॉक्टरांनी दिल्या असतील तर आधी टेस्ट करा. कोर्स संपून दोन आठवड्यांत काहीच झालं नाही तर पुन्हा टेस्ट करा. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर एवढं ध्यानात असू द्या की त्या गर्भनिरोधक नाहीत. गोळ्या बंद केल्यावर सहसा दोन-तीन दिवसांत पाळी येते. आठवडा उलटला तरी नाही आली तर टेस्ट.

वेगळ्या परिस्थिती, वेगळे हिशेब

इमर्जन्सी गोळी घेतल्यावर पुढची पाळी आठवडाभर आधी किंवा नंतर येऊ शकते. गोळीनंतर चार-पाच दिवसांत थोडं अंगावरून गेलं म्हणजे पाळी आली असं धरू नका. गोळीपासून तीन आठवड्यांत नीट पाळी आली नाही तर टेस्ट करा. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी टेस्टचं उत्तर बदलत नाही. प्रतिजैविकं, पॅरासिटामॉल यांनीही नाही. गोळ्या नीट घेऊनही एखाद्या महिन्यात रक्तस्राव होत नाही, पण गोळी चुकली असेल किंवा घेतल्यावर उलटी झाली असेल तर टेस्ट कराच. तांबी बसवलेली असताना पाळी लांबली तर मात्र थांबायचं नाही. टेस्ट करा आणि पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी दाखवा. तांबी असताना गर्भ राहण्याची शक्यता फार कमी असते, पण राहिलाच तर तो नलिकेत असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिली पाळी येण्याआधीच दिवस जाऊ शकतात, कारण बीज आधी बाहेर पडतं आणि पाळी नंतर येते. तिने 21 दिवसांचा हिशेब धरावा. चाळिशीतल्या बायकांनीही लांबलेली पाळी म्हणजे ‘पाळी जायची वेळ झाली’ असं परस्पर ठरवू नये. सलग 12 महिने पाळी आली नाही तरच ती गेली असं म्हणतात.

वंध्यत्वाच्या उपचारात बीज बाहेर पडावं म्हणून दिलेलं इंजेक्शन अनेकदा एचसीजीचंच असतं. ते शरीरातून जायला 10 ते 14 दिवस लागू शकतात आणि तोवर टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, गर्भ नसतानाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच टेस्ट करा. गर्भपात किंवा बाळंतपणानंतरही एचसीजी काही आठवडे रेंगाळतं. त्या काळात आलेली पॉझिटिव्ह जुनी की नवी, हे लघवीवरून ओळखता येत नाही. रक्तातला आकडा उतरतोय की चढतोय ते पाहावं लागतं.

पॉझिटिव्ह आल्यावर

नीट केलेली, वेळेत वाचलेली पॉझिटिव्ह टेस्ट क्वचितच चुकते. पॉझिटिव्ह येऊन चार-सहा दिवसांत पाळीसारखा रक्तस्राव झाला आणि नंतरची टेस्ट निगेटिव्ह आली, तर गर्भ रुजून लगेच निसटला असा त्याचा अर्थ असतो. हे दुर्मीळ नाही, आणि ते तुम्ही काही केल्याने किंवा न केल्याने होत नाही. तरीही डॉक्टरांना कळवा, विशेषतः रक्तगट निगेटिव्ह असेल तर. उलट बाजूने, पाळीच्या तारखेच्या आसपास एक-दोन दिवस नुसते डाग पडले, नेहमीसारखी पाळी आली नाही, तर ती पाळी समजून गाफील राहू नका. आठवड्याने टेस्ट करा.

गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि प्रसूतीची तारीख तिथून 280 दिवसांनी धरतात. म्हणून 28 दिवसांच्या चक्रात पाळी चुकल्याच्या दिवशीच चार आठवडे भरलेले असतात. सोनोग्राफीला लगेच दुसऱ्या दिवशी धावलात तर काही दिसणार नाही आणि उगाच धास्ती बसेल. योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची पिशवी साधारण पाचव्या आठवड्याला आणि ठोके सहा-साडेसहा आठवड्यांना दिसतात. पोटावरून केली तर त्याहून थोडं उशिरा. बीज उशिरा बाहेर पडलं असेल तर आठवडे तेवढे कमी निघतात.

गर्भ ठेवायचा असेल तर रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आजपासून सुरू करा आणि पहिले 12 आठवडे घ्या. फिट्सच्या, रक्तदाबाच्या, रक्त पातळ करण्याच्या किंवा मुरुमांच्या गोळ्या चालू असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. ठेवायचा नसेल, तरी गर्भपाताच्या गोळ्या परस्पर आणून घेऊ नका. गर्भ नलिकेत असेल तर त्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो, काम झालं असं वाटतं, आणि नलिकेतला गर्भ तसाच वाढत राहतो. आधी गर्भ कुठे आहे आणि किती आठवड्यांचा आहे हे कळायला हवं. लवकर गेलात तर पर्यायही जास्त असतात.

रक्ताची तपासणी कधी

रक्तातल्या एचसीजीचा (अहवालात ‘बीटा एचसीजी’) आकडा 5 च्या खाली असेल तर गर्भ नाही असं धरतात, 25 च्या वर असेल तर आहे. मधला आकडा आला तर 48 तासांनी पुन्हा. एकट्या आकड्यावरून गर्भ नीट आहे की नाही हे कळत नाही, दोन आकड्यांमधली चाल बघतात. सुरुवातीच्या दिवसांत 48 तासांत निदान निम्म्याने तरी वाढ अपेक्षित असते. दोन्ही वेळा एकाच प्रयोगशाळेत रक्त द्या, कारण वेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही. फिकी रेघ अडकून पडली असेल, आधी नलिकेतला गर्भ राहिला असेल, पोटात दुखत किंवा डाग पडत असतील, तर घरी तिसरी-चौथी पट्टी वापरण्याऐवजी सरळ ही तपासणी करा.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: शेवटच्या नीट पाळीचा पहिला दिवस, मागच्या सहा चक्रांचे दिवस, शेवटच्या असुरक्षित संबंधाची तारीख, कोणत्या दिवशी कोणत्या किटने टेस्ट केली आणि काय आलं, मध्ये डाग पडले असतील तर कधी, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं. फिकी रेघ आली असेल तर तिचा फोटो वेळेच्या आत काढून ठेवा. पट्टी सोबत नेण्यात अर्थ नाही, दवाखान्यात पोचेपर्यंत ती वाळलेली असते आणि तिच्यावर काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही.